वाचकांचे प्रश्न : सुट्टीच्या विमानांचा जमाखर्च

गेल्या अंकात इंग्लंडमधील ल्यूटन येथील मोनार्क एअरलाइन्स या सहलींच्या विमान कंपनीविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले होते. १९६७ साली स्थापन झालेली आणि १९६८ पासून ब्रिटिश पर्यटकांना स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस, तुर्कस्तान अशा उन्हाच्या प्रदेशांत नेणारी ही कंपनी २ ऑक्टोबर २०१७ रोजी पहाटे बंद पडली. त्या टिपणावर अनेक पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न सारांशाने येथे घेतले आहेत.

प्रश्न : सहलींची विमान कंपनी आणि नेहमीची विमान कंपनी यांत नेमका फरक काय? विमान तेच, विमानतळ तोच, वैमानिकांचे प्रशिक्षणही तेच असावे. — वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : फरक विमानात नसून तिकीट कोण विकतो यात आहे. नेहमीची कंपनी वेळापत्रक जाहीर करते, त्याप्रमाणे विमान सोडण्याची जबाबदारी घेते आणि एकेक जागा प्रवाशाला विकते. विमान निम्मे रिकामे गेले तर तो तोटा तिचा. सहलींची कंपनी, निदान तिच्या मूळ रूपात, प्रवाशाला काहीच विकत नसे. टूर कंपनी तिच्याकडून हंगामाच्या कितीतरी आधी, उदाहरणार्थ मे ते ऑक्टोबर दर शनिवारी ल्यूटन ते स्पेनच्या मायोर्का बेटावरील पाल्मा, अशी संपूर्ण विमाने ठरावीक रकमेला घेई, हॉटेलातील खोल्या घाऊक दराने घेई, विमानतळावरून हॉटेलात नेणाऱ्या बसची व्यवस्था करी आणि या सगळ्याची मिळून एक किंमत लावून ती सहल, म्हणजे पॅकेज, विकत असे. खुर्ची रिकामी राहिली तर तिचे पैसे टूर कंपनीच्या खिशातून जात. रिकाम्या खुर्चीचा भार कोणी उचलायचा, हा या धंद्यातील मुख्य प्रश्न आहे आणि पुढील बहुतेक उत्तरांत त्याच्याकडे पुन्हा यावे लागेल.

या पद्धतीचा आरंभ सामान्यतः १९५० सालापासून मानला जातो. मॉस्कोत जन्मलेले आणि लंडनमध्ये पत्रकारिता केलेले व्लादिमिर राइट्झ यांनी होरायझन हॉलिडेज ही संस्था काढून कॉर्सिका बेटावरील काल्व्ही येथे डीसी-३ जातीच्या विमानाने पर्यटक नेले. मुक्काम तंबूत, जेवण आणि वाइन किमतीत धरलेले, आणि एकूण खर्च ३२ पौंड १० शिलिंग. सरकारी विमान कंपनीचे गिऱ्हाईक तुटू नये म्हणून त्यांना परवानगी मिळाली ती केवळ विद्यार्थी व शिक्षकांना नेण्याची. पुढेही बराच काळ ब्रिटनमध्ये पॅकेजची किंमत त्या मार्गाच्या नियमित विमानभाड्यापेक्षा कमी ठेवता येत नसे. ते बंधन १९७० च्या दशकाच्या आरंभी सुटले. १९६६ ते १९७० या काळात तर ब्रिटिश नागरिकाला सहलीसाठी केवळ ५० पौंडांचे परकीय चलन मिळत असे. परदेशी जाताना हातावर आठ डॉलर ठेवले जात तो काळ आठवणाऱ्या आमच्या ज्येष्ठ वाचकांना या बंधनाची कल्पना लगेच येईल. स्वतंत्रपणे जाणाऱ्याला एवढ्यात पंधरा दिवस काढणे अवघड होते, पण विमानभाडे घरीच पौंडांत भरलेले आणि खोल्या घाऊक दराने घेतलेल्या असल्याने पॅकेज मात्र त्या मर्यादेत बसे. मोनार्कने ५ एप्रिल १९६८ रोजी ब्रिस्टल ब्रिटानिया जातीच्या विमानाने ल्यूटन ते माद्रिद हे पहिले उड्डाण केले, ते याच काळात.

प्रश्न : मोठ्या कंपन्यांजवळ शेकडो विमाने, भांडवल, सरकारी आधार. मूठभर विमानांची लहान कंपनी त्यांच्याहून स्वस्त कशी नेऊ शकते? सुरक्षिततेत काटछाट होत असणार अशी शंका येते. — निवृत्त बँक अधिकारी, नाशिक

उत्तर : शंका स्वाभाविक आहे, परंतु स्वस्ताईचे मूळ तेथे नाही. परवाना, देखभालीच्या तपासण्या आणि वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादा हे नियम लहान कंपनीला आणि मोठ्या कंपनीला सारखेच लागू असतात. मूळ आहे ते भागाकारात. समजा, एका विमानाच्या जाण्यायेण्याचा एकूण खर्च २० लाख रुपये आहे आणि त्यात २०० जागा आहेत. सगळ्या भरल्या तर प्रत्येकी १०,००० रुपये पडतात. १४० च भरल्या तर सुमारे १४,३०० रुपये. विमान हवेत गेल्यावर इंधन, वैमानिक, विमानतळाचे शुल्क आणि भाडेपट्टा यांचा खर्च माणसे किती आहेत त्यानुसार फारसा बदलत नाही. म्हणून भरलेले विमान हेच स्वस्त विमान, आणि टूर कंपनीने संपूर्ण विमान आधीच घेतलेले असल्यामुळे ते भरण्यासाठी ती शेवटच्या आठवड्यात मिळेल त्या किमतीला सहल विकून टाकते.

दुसरे कारण जागांची संख्या. बोइंग ७५७ या एकाच जातीच्या विमानात सहलींच्या कंपन्या २३० च्या वर खुर्च्या बसवत, तर नियमित कंपन्या साधारण १८० ते १९० वर थांबत, कारण त्यांना व्यावसायिकांसाठी रुंद खुर्च्यांचा वेगळा वर्ग ठेवावा लागे. गुडघे पुढच्या खुर्चीला टेकतात ही सहलीच्या प्रवाशांची जुनी तक्रार आहे, पण अडीच तासांच्या प्रवासात पाच हजार वाचत असतील तर बहुतेक कुटुंबे तो त्रास आनंदाने सोसतात.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि ते समजण्यासाठी जुलै महिन्यातील एका शनिवारी एकच विमान काय करते ते पाहावे. सकाळी सहाच्या सुमारास ते ल्यूटनहून निघते आणि अडीच तासांच्या आत पाल्मा येथे उतरते. तेथे ऊन लागून लालबुंद झालेले दोनशे पर्यटक परतीच्या रांगेत उभेच असतात. तासाभरात कचरा काढायचा, इंधन भरायचे, सामान उतरवून दुसरे चढवायचे आणि निघायचे. ते दुपारी इंग्लंडला पोहोचते, कधी ल्यूटनला तर कधी मँचेस्टरला, आणि तासाभरात पुन्हा दक्षिणेकडे. तिसरी फेरी रात्री निघून पहाटे दोन-तीनला संपते. नियमित कंपनी पहाटे दोनची वेळ सहसा टाळते, कारण कामानिमित्त प्रवास करणारा तेव्हा तिकीट घेत नाही. सुट्टीवर निघालेले कुटुंब मात्र शंभर पौंड वाचत असतील तर मध्यरात्री मुलांना झोपेतून उठवून विमानतळ गाठते. भाडेपट्टा दिवसाच्या हिशोबाने भरायचा असतो, तेव्हा दोनऐवजी तीन फेऱ्या झाल्या की प्रत्येक फेरीवर पडणारा त्याचा वाटा घटतो. या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगायला हवी. सकाळच्या फेरीला दोन तास उशीर झाला तर तो दिवसभर पुढे सरकत जातो, आणि कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांची मर्यादा संपली की रात्रीच्या फेरीचे प्रवासी विमानतळावरच अडकतात. मोठ्या कंपनीजवळ अशा वेळी दुसरे विमान उभे असते. लहान कंपनीजवळ ते नसते, आणि स्वस्त तिकिटाची खरी किंमत कोठे मोजावी लागते असे मला कोणी विचारले तर मी याच ठिकाणाकडे बोट दाखवीन.

हिवाळा हा या धंद्याचा कसोटीचा काळ. लग्नसराईत मिळवलेल्या पैशांवर मंगल कार्यालयाला वर्षभर तग धरावा लागतो, तसेच येथे आहे. उन्हाळ्यात भूमध्य समुद्राकडे धावणारी विमाने थंडीत कॅनरी बेटांकडे, गांबियाकडे, कॅरिबियनकडे किंवा गोव्याकडे वळवली जातात. काही विमाने जिनिव्हा व साल्झबुर्ग येथे बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी जाणाऱ्यांना नेतात. कॅनडातील कंपन्यांचा हंगाम नेमका उलटा, म्हणजे थंडीतच सर्वाधिक गर्दीचा असल्याने काही ब्रिटिश कंपन्या आपली विमाने हिवाळ्यापुरती तिकडे भाड्याने देत असत. हंगामाच्या दोन टोकांनाही तोटा ठरलेला असतो. पहिली तुकडी सोडून विमान रिकामे परतते आणि शेवटची तुकडी आणायला ते रिकामेच जाते. या दोन रिकाम्या फेऱ्यांचा खर्च मधल्या सर्व प्रवाशांच्या किमतीत आधीच वाटून टाकलेला असतो.

प्रश्न : एकाच विमानाची विमान कंपनी असू शकते का? मित्रांशी पैज लागली आहे. — वाचक, कोल्हापूर

उत्तर : असू शकते, आणि होती. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बोर्नमथ या गावात पामएअर नावाची सेवा होती. बाथ ट्रॅव्हल या स्थानिक कौटुंबिक प्रवासी संस्थेची ती शाखा, आणि तिच्या चांगल्या काळात तिचा कारभार एका भाड्याच्या बोइंग ७३७ वर चाले. संस्थेचे प्रमुख पीटर बाथ स्वतः विमानतळावर जाऊन प्रवाशांना निरोप देत, आणि या एका गोष्टीमुळे त्या परिसरातील वयस्क माणसे लंडनच्या विमानतळांवर जाण्यापेक्षा थोडे अधिक पैसे मोजून पामएअरनेच जाणे पसंत करीत.

पैजेचा निकाल मात्र आपल्याला थोडा सूक्ष्मपणे लावावा लागेल. पामएअरचे नाव विमानावर असे, पण विमान, वैमानिक, कर्मचारी, देखभाल आणि विमा हे सर्व दुसऱ्या परवानाधारक कंपनीचे असे. या पद्धतीला धंद्यात वेट लीज म्हणतात. परवाना ज्याचा, उड्डाणाची कायदेशीर जबाबदारी त्याची. विमान पुरवणारी कंपनी बदलली किंवा अडचणीत आली की पामएअरला नवी शोधावी लागे, आणि मोठ्या कंपन्यांच्या स्वस्त तिकिटांपुढे टिकाव न लागून २०१० साली ही सेवा थांबली. आपुलकीने चालवलेली अशी कंपनी टिकायला हवी होती असे मला मनापासून वाटते, पण एक विमान बिघडले की सगळा धंदा बंद, एवढ्या अरुंद पायावर ती उभी होती हेही खरे.

प्रश्न : मोनार्कची विमाने शेवटपर्यंत भरून जात होती असे येथे सर्वजण सांगतात. भरलेल्या विमानांची कंपनी बुडते कशी? — मराठी वाचक, स्लाव, इंग्लंड

उत्तर : आपण ऐकलेले बरोबर आहे. कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांनीच शेवटी कर्मचाऱ्यांना कळवले की आदल्या वर्षापेक्षा १४ टक्के अधिक प्रवासी नेऊनही उत्पन्न सुमारे १० कोटी पौंडांनी घटले आहे. विमाने भरत होती, पण ज्या दराने भरत होती त्यात खर्चाची तोंडमिळवणी होत नव्हती.

याची सुरुवात बरीच आधी झाली. १९९५ साली स्वस्त तिकिटांच्या ईझीजेट कंपनीने पहिले उड्डाण केले ते मोनार्कच्याच ल्यूटन विमानतळावरून. पुढे इंटरनेट आले आणि ब्रिटिश कुटुंबे विमान एकीकडे, हॉटेल दुसरीकडे असे स्वतःच जुळवू लागली. त्याच काळात मोठ्या टूर कंपन्यांनी स्वतःच्या विमान कंपन्या ठेवल्या, त्यामुळे बाहेरच्या कंपनीकडून संपूर्ण विमाने घेणारे गिऱ्हाईक आटत गेले. मोनार्क हळूहळू नियमित सेवेकडे सरकली, आणि २०१४ मध्ये मालकी स्विस-इटालियन मांतेगाझा कुटुंबाकडून ग्रेबुल कॅपिटल या गुंतवणूक संस्थेकडे जात असताना चार्टर, म्हणजे टूर कंपन्यांना संपूर्ण विमान भाड्याने देऊन केलेली, उड्डाणे व लांब पल्ल्याची सेवा बंद करण्याचे ठरले. म्हणजे पहिल्या उत्तरात सांगितलेला रिकाम्या खुर्चीचा भार, जो सुरुवातीची अनेक वर्षे मुख्यतः टूर कंपन्यांनी उचलला होता, तो आता सगळा मोनार्कच्या अंगावर आला. आणि समोर उभ्या होत्या ईझीजेट व रायनएअर, ज्यांची विमाने कितीतरी पटींनी अधिक.

त्यातच दोन वर्षांत संकटांची माळ लागली. जून २०१५ मध्ये ट्युनिशियातील सूस येथे समुद्रकिनाऱ्यावर गोळीबार होऊन ३८ माणसे मारली गेली, त्यांत ३० ब्रिटिश होते. ऑक्टोबर २०१५ च्या अखेरीस इजिप्तमधील शर्म अल शेखहून निघालेले रशियन प्रवासी विमान बॉम्बस्फोटाने पडले आणि ब्रिटनने तेथील उड्डाणे थांबवली. २०१६ मध्ये तुर्कस्तानातील हल्ले आणि बंडाचा प्रयत्न यांनी तिकडचे पर्यटक आटले. ब्रिटिश पर्यटकांनी सुट्टी सोडली नाही, त्यांनी जागा बदलली. सर्व विमान कंपन्यांनी आपली विमाने स्पेन आणि पोर्तुगालकडे वळवली, तेथे जागा वारेमाप झाल्या आणि दर कोसळले. युरोपीय संघातून बाहेर पडण्याविषयीच्या जून २०१६ च्या सार्वमतानंतर पौंडही घसरला. सहलीचे पैसे पौंडांत येतात, पण इंधन आणि विमानांचे भाडे डॉलरमध्ये द्यावे लागते, तेव्हा उत्पन्न घटत असतानाच खर्च आपोआप वाढला.

हा शेवट नेमका ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी का आला, याचेही उत्तर हिशोबातच आहे. प्रवासी आगाऊ पैसे भरतात आणि विमानतळांची, इंधनाची, देखभालीची बिले नंतर येतात, त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावर अशा कंपनीच्या खात्यात भरपूर रोकड दिसते. सप्टेंबर संपता संपता ती रोकड बिलांत जाते आणि समोर रिकामा हिवाळा असतो. पॅकेज विकण्यासाठी ब्रिटनमध्ये लागणाऱ्या ॲटॉल या परवान्याचे नूतनीकरणही ३० सप्टेंबरला येते, आणि नागरी विमान प्राधिकरण त्या वेळी ताळेबंद तपासते. मोनार्कला चोवीस तासांची मुदतवाढ मिळाली, ती संपली आणि कंपनी दिवाळखोरीत नेमल्या जाणाऱ्या प्रशासकांच्या ताब्यात गेली. ब्रिटनचीच एक्सएल एअरवेज ही विमान कंपनी १२ सप्टेंबर २००८ रोजी आणि थॉमस कुक ही टूर कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी बंद पडली, यामागेही मोसमाचे हेच गणित होते.

शेवटी एक गोष्ट अशी घडली की या धंद्यात मोल कशाला आहे ते स्पष्ट व्हावे. मोनार्कची विमाने बहुतांशी भाड्याची, ती मालकांकडे परत गेली. प्रशासकांच्या हाती उरलेली सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे गॅटविक आणि ल्यूटन येथील उतरण्या-उडण्याच्या राखीव वेळा, ज्यांना स्लॉट म्हणतात. बंद पडलेल्या कंपनीचा त्यांवर हक्क आहे की नाही हा वाद अपील न्यायालयापर्यंत गेला, निकाल मोनार्कच्या बाजूने लागला आणि त्या वेळा इतर कंपन्यांना विकून धनकोंची काही देणी भागवण्यात आली.

प्रश्न : थॉमस कुकच्या कार्यालयातून आम्ही सहल घेतली होती आणि २०१९ मध्ये बातमी वाचून धसका घेतला होता. आमचे पैसे सुरक्षित होते का? आणि आपल्याकडे विमान कंपनी बुडाली तर काय? — गृहिणी, ठाणे

उत्तर : आपले पैसे त्या घटनेने धोक्यात आले नव्हते. थॉमस कुक (इंडिया) ही कंपनी २०१२ पासून कॅनडातील फेअरफॅक्स समूहाकडे आहे आणि बुडालेल्या ब्रिटिश कंपनीशी तिचा मालकीचा संबंध तेव्हा उरला नव्हता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतके दिलासादायक नाही, आणि याविषयी अधिक बोलले जावे अशी माझी तळमळ आहे. ब्रिटनमध्ये ऑगस्ट १९७४ मध्ये कोर्ट लाइन ही सहलींची कंपनी भर हंगामात कोसळली आणि हजारो माणसे परदेशात अडकली. त्या धक्क्यातून पुढच्या वर्षी प्रवासी राखीव निधी उभा राहिला. आज ॲटॉलखाली पॅकेज घेणाऱ्या प्रत्येक प्रवाशामागे अडीच पौंड अशाच एका निधीत जमा होतात. विक्रेती कंपनी बुडाली तर सहलीआधी भरलेले पैसे परत मिळतात आणि परदेशात असलेल्या माणसाला घरी आणले जाते. मोनार्क बंद पडली तेव्हा सुमारे १,१०,००० प्रवासी परदेशात होते. त्यांतील पुष्कळांनी पॅकेज न घेता नुसते तिकीट काढल्यामुळे त्यांना हे संरक्षण नव्हते, तरी सरकारने विमाने भाड्याने घेऊन सर्वांनाच मोफत परत आणले. जर्मनीनेही थॉमस कुकच्या अनुभवानंतर २०२१ मध्ये पॅकेज सहलींसाठी स्वतंत्र निधी उभारला.

भारतात असा निधी नाही. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये जमिनीवर आली, तेव्हा आगाऊ तिकिटे काढलेले प्रवासी पैशांसाठी बँका आणि इतर धनकोंच्या मागे रांगेत उभे राहिले. मुलांच्या सुट्टीसाठी वर्षभर पैसे साठवणाऱ्या कुटुंबाला धनको म्हणून अर्ज भरायला लावणे हे मला अन्यायाचे वाटते. प्रत्येक तिकिटामागे दहा-वीस रुपये वेगळे ठेवणारा निधी कायद्याने उभा करणे अशक्य नाही; इतके कर आणि शुल्क तिकिटावर असताना ही छोटी रक्कम प्रवाशाला जड जाणार नाही.

तोवर काही काळजी आपणच घ्यावी. सहलीचे पैसे रोख किंवा थेट बँक खात्यात भरण्यापेक्षा क्रेडिट कार्डाने भरावेत, कारण सेवा मिळाली नाही तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे रक्कम परत मागण्याचा मार्ग खुला राहतो. टूर कंपनी संपूर्ण रक्कम सहा महिने आधी मागत असेल तर टप्प्याने भरण्याचा आग्रह धरावा. प्रवास विमा घेताना आजारपणाच्या रकमेइतकेच लक्ष विमान कंपनीची दिवाळखोरी त्यात धरलेली आहे का याकडे द्यावे; बहुतेक जण ते पानच उलटत नाहीत.

प्रश्न : चिपी विमानतळ झाला तेव्हा परदेशी पर्यटकांची विमाने थेट सिंधुदुर्गात उतरतील असे वाटले होते. ते का घडले नाही? — नौकाविहार व्यावसायिक, मालवण

उत्तर : चिपी येथून ९ ऑक्टोबर २०२१ रोजी वाहतूक सुरू झाली. धावपट्टी २,५०० मीटरची आहे. मध्यम आकाराच्या विमानाला ती पुरते, पण युरोपातून नऊ-दहा तास उडून येणाऱ्या मोठ्या विमानाला परतताना पूर्ण इंधन व प्रवासी घेऊन उडण्यास अधिक लांबी हवी असते. त्यानंतर ५ जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यातील मोपा येथे लांब धावपट्टीचा आंतरराष्ट्रीय विमानतळ चालू झाला, आणि तो सावंतवाडीच्या अगदी जवळ आहे. टूर कंपनी दोनशे-तीनशे माणसे उतरवते ती एकाच पट्ट्यात तेवढ्या खोल्या असतील तेथे. मालवण-तारकर्लीची राहण्याची सोय लहान घरगुती निवासांची आहे, आणि तीच तिची गोडी आहे असे माझे मत आहे. चिपीला ७० आसनांच्या विमानांनी बंगळूर, हैदराबाद, पुणे यांच्याशी नियमितपणे जोडणे मला अधिक हिताचे वाटते. मोप्यालाच तळ असलेल्या फ्लाय९१ या लहान कंपनीने २०२४ मध्ये तसा प्रयत्न सुरू केला. मोप्याला उतरलेल्या पाहुण्याला मालवणपर्यंत आणणारी चांगली बससेवा मिळाली तरी आपल्या नौकांचे काम वाढेल.

प्रश्न : आमच्या घराच्या सहा खोल्या हंगामात चार्टरच्या पाहुण्यांना जातात. कोणत्या वर्षी विमाने येणार आणि कोणत्या वर्षी नाही, हे आम्हाला सप्टेंबरमध्ये कळते, तोवर रंगरंगोटीचा खर्च होऊन गेलेला असतो. आधी कळण्याचा काही मार्ग आहे का? — खोल्यांच्या मालकीण, कांदोळी, गोवा

उत्तर : आपल्या प्रश्नाला थोडा इतिहास आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीहून कोंडोर कंपनीची चार्टर विमाने दाबोळीला येऊ लागली, तेव्हा जागृत गोंयकारांची फौज या संघटनेने, पाणी आणि जमीन परक्यांच्या सुट्टीसाठी खर्ची पडेल या भीतीने, त्यांना विरोध केला होता. पुढे ब्रिटिश आणि रशियन पर्यटकांची संख्या वाढली आणि बार्देशातील किनाऱ्याची पुष्कळशी कमाई या विमानांशी बांधली गेली. मुंबई-पुण्याचा पाहुणा शुक्रवारी येऊन रविवारी जातो. चार्टरचा पाहुणा त्याच खोलीत चौदा रात्री राहतो, त्याच शॅकवर जेवतो आणि त्याच टॅक्सीवाल्याला बोलावतो. म्हणून एक विमान रद्द झाले की अनेक घरांना ते जाणवते. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटिश थॉमस कुक बंद पडली तेव्हा गोव्याचा हंगाम तोंडावर होता आणि पर्यायी विमाने ठरवण्यास वेळ उरला नव्हता. २०२२ मध्ये ब्रिटिश नागरिकांची ई-व्हिसाची सोय बंद राहिली आणि ती डिसेंबरमध्ये परत सुरू होईपर्यंत अर्धा हंगाम निघून गेला.

अशा आपत्ती कोणालाच आधी कळत नाहीत, पण नेहमीची काटछाट कळू शकते. विमान वाहतुकीचा हिवाळी हंगाम ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो आणि त्यासाठीच्या विमानतळावरील वेळांची वाटणी जून महिन्याच्या सुमारास आंतरराष्ट्रीय बैठकीत होते. टूर कंपनीने तोपर्यंत आठवड्याची किती विमाने मागितली आहेत हे तिच्या गोव्यातील एजंटाला माहीत असते; त्याला पावसाळ्याच्या आरंभीच विचारावे. त्याने खोल्या राखून ठेवल्या असतील तर न विकलेल्या खोल्या भरपाईशिवाय परत करण्याची शेवटची तारीख करारात असते. ती तारीख पाहुणे येण्याच्या सात दिवस आधीची असेल तर सर्व धोका आपल्यावर आहे. ती किमान महिनाभर मागे न्यावी आणि सहापैकी दोन खोल्या तरी करारातून मोकळ्या ठेवाव्यात, म्हणजे नाताळात देशी पाहुण्यांना त्या देता येतील.

पैशांच्या बाबतीत आणखी सावध असावे. अनेक टूर कंपन्या हॉटेलांची बिले पाहुणे निघून गेल्यानंतर कित्येक आठवड्यांनी चुकवतात. थॉमस कुक बुडाली तेव्हा स्पेन, ग्रीस आणि तुर्कस्तानातील अनेक हॉटेलवाल्यांची जुलै-ऑगस्टची बिले तिच्याकडे थकलेली होती आणि पाहुणे तर राहून, जेवून गेले होते. आपला करार एजंटाशी असला तरी त्याचे पैसे तेथूनच येतात, म्हणून खोलीचा दर ठरवण्याआधी बिल किती दिवसांत मिळणार ते लेखी घ्यावे. दर थोडा कमी पडला तरी चालेल, पण पहिल्या पंधरवड्याचे पैसे दुसरी तुकडी उतरण्यापूर्वी हातात पडतील अशी अट जरूर घालावी.